मागच्या खोलीतली नऊ यंत्रं

मी, या कागदाच्या शेवटी डाव्या हाताचा अंगठा उमटवणारी, वय वर्षे एकोणऐंशी किंवा ऐंशी (नोंद करणाऱ्याने वडिलांना विचारलं नाही आणि वडिलांनी आपणहून सांगितलं नाही), कोणी भरीस न घालता, पूर्ण शुद्धीत राहून माझी शेवटची इच्छा सांगते आहे. मला अक्षर येत नाही. लिहिते आहे माझी सूनबाई. ती औषधांच्या दुकानात बसते आणि डॉक्टरांचं अक्षर वाचते, तेव्हा माझं बोलणंही तिला उमजत असावं. "आई, हेसुद्धा लिहू?" असं तिने आत्ताच विचारलं. खोकला सोडून सगळं लिही गं.

माझं डोकं ठिकाणावर असल्याची खात्री डॉक्टरीणबाईंनी आज सकाळी करून घेतली. त्यांनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?" मी म्हटलं, "ढेरपोटीचा." त्यांनी सूनबाईकडे पाहिलं. सूनबाई म्हणाली, "म्हणजे मंगळवार. बरोबर आहे." ढेरपोटी म्हणजे काय ते कलम चारमध्ये येईल. घाई करू नये.

कलम एक. राहतं घर, म्हणजे पुढच्या दोन खोल्या, जिना आणि वरचा मजला, माझ्या एकुलत्या मुलाला. त्याला द्यायचं नाही असं माझ्या मनात कधीच नव्हतं. पण तसं आहे असं त्याला चार दिवस वाटू दिलं. त्या चार दिवसांत तो जेवायला वेळेवर आला.

कलम दोन. साठवणीतलं जे काही असेल ते, कपाट आणि कपाटाची किल्ली सूनबाईला. हे लिहिताना तिचा हात थांबला आहे. थांबू नकोस, पुढे लिही. तू या घरात आलीस तेव्हा मी म्हटलं होतं, हिला धुण्यातलं काही कळत नाही. ते मी परत घेत नाही. पण माणसातलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, एवढं त्याच्याखाली लिही.

कलम तीन. माझी उशी मुलाला. कापसाची नाही ती. ड्रायरच्या जाळीत जी मऊ लव साठते, ती मी पंधरा वर्षं काढून त्या उशीत भरत आले. तुझ्या शाळेचे गणवेश तेव्हा फडकी झाले होते, त्यांची लव तिच्यात आहे. ह्यांचा निळा सदरा आहे, पाहुण्यांच्या चादरी आहेत, तुझ्या बायकोची ओढणी आहे. घरातली सगळी माणसं थोडी थोडी झिजून तिच्यात आली आहेत. तिच्यावर डोकं ठेवलं की स्वप्नात माणसांची गर्दी होते. एकट्याने झोपायची सवय असलेल्याने ती वापरू नये.

कलम चार. मागची खोली आणि तिच्यातली नऊ यंत्रं.

याला थोडं सविस्तर सांगावं लागेल. बत्तीस वर्षं मी इस्पितळाच्या धुलाईघरात काम केलं. नवी यंत्रं आली आणि जुनी अंगणात उलटीपालटी टाकली गेली, त्या वर्षी मीही निवृत्त झाले. लोक निवृत्त झाल्यावर बागेत फिरतात. मी हातगाडीवर एक यंत्र घालून घरी आणलं. हे दारात उभे होते. म्हणाले, "धुणं सुटलं नाही वाटतं अजून?" पण चाक दगडाला अडलं तेव्हा ढकलायला तेच खाली उतरले.

ते पहिलं यंत्र म्हणजे घोरी. मग ढेरपोटी आली, पिळायचे रबरी रूळ डोक्यावर असलेली. मग नाचरी, जी पिळताना भिंतीपासून दारापर्यंत चालत जाते. असे करत सहा धुणारी आणि तीन वाळवणारी झाली. प्रत्येकाचा वार ठरलेला आहे, रविवारी तिघांचा. त्या वारी त्याला पाणी दाखवायचं किंवा ऊब द्यायची, कपडे असोत वा नसोत. चालणारं यंत्र झिजतं, पण बसलेलं यंत्र कुजतं. तीन महिने बसवा, रबर वाळतं, ड्रम आवळतो, आणि मग हात लावून उपयोग नसतो.

दुपारी मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसते. गोल काचेत कपडे वर जातात, क्षणभर तरंगतात आणि पडतात. डोळा लागतो, पण पूर्ण लागत नाही. कधीकधी काचेतून ह्यांचा सदरा जाताना दिसतो, जो केव्हाच उशीत गेला. बाही हलवतो, मीही हात हलवते. एकदा आमची आई दिसली, परकर वर खोचून त्या साबणाच्या फेसातून चालत पलीकडे निघाली होती. मी विचारलं, "कुठे?" ती म्हणाली, "वाळत घालायला." जाग आली तेव्हा यंत्र थांबलेलं होतं आणि खोली उबदार होती.

हे सगळं ज्याला द्यायचं, त्याला ते चालवता आलं पाहिजे. मुलगा म्हणतो, "आई, तुझ्यामागे कोण बसणार इथे? तिथे गाडी उभी राहील." चूक नाही बोलत तो. माझ्याशिवाय ही यंत्रं एकाच माणसाला कळतात, आणि त्या माणसाशी मी सहा वर्षं बोललेले नाही. माझी धाकटी बहीण. दोन गल्ल्या पलीकडे राहते.

आमच्या घरातून एकीलाच शाळेत घालणं शक्य होतं. मी मोठी, धुण्याला लागलेली. धाकटी गेली. याचं मला कधी वाईट वाटलं नाही, निदान दिवसा तरी नाही. यंत्रं आली तेव्हा ती शिकल्याचं सोनं झालं. ती पुस्तिका वाचायची, मी पाना फिरवायची. "ताई, डावीकडे अर्धा वळसा." "पुस्तिकेला म्हणावं पाऊण लागतो." अशी अकरा वर्षं गेली.

पुस्तिका मला नव्हती, म्हणून मी माझी केली. खिळ्याने प्रत्येक यंत्राच्या कुशीवर खुणा कोरल्या. कंगवा म्हणजे पट्टा किती ताणायचा. थेंब म्हणजे पाणी किती. डोळा म्हणजे या तारेला हात लावू नकोस. घोरीच्या कुशीवर जागा जास्त होती, तिथे मी यंत्राबाहेरचंही कोरत गेले. मुलाचं लग्न. पुराचं वर्ष. हे गेले तो दिवस: एक उभी रेघ आणि तिच्या शेजारी काही नाही. आयुष्यात मी लिहिलं ते एवढंच. कोणाला सांगितलं नाही. लोक हसतील असं वाटलं, आणि धाकटी हसली असती तर सहन झालं नसतं.

मग माझं खुब्याचं हाड मोडलं. पंधरा दिवस मी इस्पितळात. जुन्या यंत्राचा मूळ रंग खरवडायचा नाही, हे धाकटीला ठाऊक होतं. पण माझ्या खुणा तिला गंजाचे ओरखडे वाटल्या. ताई घरी येईल तेव्हा खूश होईल म्हणून तिने घोरी घासून गुळगुळीत केली आणि वर चकचकीत हिरवा रंग दिला. मला हाताला धरून आत नेलं. "बघ, कशी नवरी दिसते!"

मी म्हटलं, "किल्ली ठेव आणि जा."

ती अजून सगळ्यांना सांगते, ताईला हिरवा रंग चालत नाही.

तर धाकटे, हे तुला आज कळतं आहे. तू रंग दिलास म्हणून नव्हे, तू माझं लिहिलेलं पुसलंस म्हणून. आणि ते लिहिलेलं आहे हे तुला ठाऊक नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं. म्हणजे अपराध निम्मा माझा. निम्म्याहून थोडा कमी.

मागची खोली, नऊ यंत्रं, हत्यारांची पेटी आणि नऊही वार, रविवार तीनदा मोजून, हे तिला तिच्या हयातीपर्यंत. तिने नको म्हटलं तर मुलाने दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्याला बोलवावं आणि त्याबद्दल कोणी त्याला बोल लावू नये.

कलम पाच. शेवटी माझ्या अंगावर जी चादर घालाल ती ड्रायरमधून नुकती काढलेली, गरम असावी. थंड चादर मला चालत नाही. हिरवी चालेल.

पुढचा मजकूर त्याच दिवशी दुपारी, सर्वांसमक्ष लिहिला.

निरक्षर माणसाचं मृत्युपत्र त्याला वाचून दाखवावं लागतं. वाचायला आणि साक्षीला मी धाकटीला बोलावलं. ती आली. चष्मा पुसला, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि शाळेत वाचायची तशी खणखणीत वाचू लागली. "हिरवा रंग" इथपर्यंत खणखणीत. पुढच्या चार ओळी तिने मनात वाचल्या.

मी म्हटलं, "मोठ्याने वाच. मला ऐकू आलं पाहिजे, कायदा आहे."

"ताई, मला वाटलं गंज आहे गं."

"कागदावर आहे तेवढंच वाच."

तिने वाचलं. रडत वाचलं, त्यामुळे कलम पाच मला नीट कळलं नाही. ते सूनबाईने पुन्हा वाचलं. मजकूर मी सांगितल्याप्रमाणे आहे. एक शब्दही पदरचा नाही.

साक्षीदार:

१. डॉक्टरीणबाई. सही केली.

२. धाकटी बहीण. पेन हातात घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थांबा. साक्षीला सही करणाऱ्याला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. सही केलीत तर खोली जाईल." धाकटीने पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाली, "मग दुसरं कोणीतरी बघा." सही केली नाही.

२. (वरची नोंद रद्द.) शेजारचा बेकरीवाला. पीठ मळता मळता बोलावला. सही केली, कागदावरचा पांढरा डाग त्याचा.

मृत्युपत्र करणारीच्या डाव्या हाताचा अंगठा. शाई धाकटीने लावली.

स्थळ: मागची खोली. मंगळवार, दुपारी चार.