चाळीस मिनिटं

९ मार्च

प्रिय गुंड्या,

पत्र मिळालं. मी बरी आहे. न्हाणीघराचा नळ दुरुस्त करून घेतला. अण्णांचा पलंग काढला, खोली आता उगाच मोठी दिसते. हॉस्पिटलच्या औषधविभागात पुन्हा रुजू झाले. परवा इस्त्रीने मनगट भाजलं, ते वास आल्यावर कळलं. सगळे म्हणतात, ताई खंबीर आहे. कसली खंबीर! रडूच येत नाही, एवढंच.

तू तिसऱ्यांदा विचारलंयस, अण्णांना शेवटी त्रास झाला नाही ना? दोनदा मी "शांतपणे गेले" एवढंच लिहिलं.

त्या सोमवारी डॉक्टर सांगून गेले होते, "कॅन्सर हाडांत गेलाय, पण मॉर्फिन लागू पडलंय. आता झोपू द्या त्यांना." आणि दुपारी तुझा फोन आला. तुम्हा बापलेकांचा चार वर्षांचा अबोला. "ताई, एकदाच बोलू दे गं. काहीतरी कर."

मी केलं. मॉर्फिन उतरवणारं इंजेक्शन घरात होतं, श्वास फारच मंदावला तर असावं म्हणून. श्वास ठीक होता. तरी दिलं.

दोन मिनिटांत अण्णांनी डोळे उघडले. तुला "जेवलास का?" म्हणाले. "राग नाही रे" म्हणाले. तू रडायला लागलास, म्हणून पुढचं कण्हणं तुला ऐकू आलं नाही. मी फोन बंद केला.

ते इंजेक्शन मॉर्फिनला हुसकावून त्याच्या जागी स्वतः बसतं. दुखणं एकदम परत येतं, सगळंच्या सगळं. आणि त्याचा असर ओसरेपर्यंत वरून कितीही मॉर्फिन दिलं तरी त्याला जागा मिळत नाही. एकोणीस वर्षं नव्या नर्सना हे मीच शिकवते. चाळीस मिनिटं अण्णांनी माझा हात सोडला नाही. एकदाच बोलले, "पोरी, कशाला उठवलंस?"

मग मॉर्फिन पुन्हा लागू पडलं. दुसऱ्या दिवशी झोपेतच गेले, तेवढं खरं लिहिलं होतं. डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही. उद्या सांगणार आहे.

तू सगळ्यांना सांगतोस, "अण्णा माझ्यासाठी आपणहून जागे झाले." आपणहून नाही रे. पण जे बोलले ते त्यांच्या मनातलं होतं, मी पढवलेलं नव्हतं. ते तुझंच आहे.

तू मागितलंस तेव्हा तुला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

अजून म्हणणार असशील तर,
तुझी ताई