बाबांनी गांडुळांवर घातलेलं पांघरूण

मिदेल्त,
मंगळवार, फेब्रुवारीची दुपार

इत्तो, बये,

तू, तुझा बिही आणि मुली सुखरूप असाल असं धरून चालते. तुझा निरोप आणि संत्र्यांची पिशवी मावसभावानं आणून दिली. संत्री गोड निघाली. इथे बर्फ अजून आहे. चुलीतली राख काढणं आणि पुन्हा लाकडं घालणं यातच दिवस संपतो. फोन मात्र करू नकोस. का, ते पुढे लिहिते.

तुझ्या बायकांच्या मंडळानं गांडूळखत करायचं ठरवलंय आणि गांडुळं कुठली घ्यावीत असं विचारलंयस. इतक्या वर्षांनी तू काही विचारलंस आणि तेही गांडुळांबद्दल! हसू आलं. पण विचारलंस तर नीट सांगते.

मीही आधी फसले होते. मेक्नेसच्या बाजारात एकानं मोठी, राखाडी, बोटाएवढी जाड गांडुळं दाखवली. म्हणाला, "ताई, ही आफ्रिकन. बकरीसारखी खातात." खोटं नव्हतं. उन्हाळाभर सफरचंदाचा चोथा, लेंड्या, सगळं फस्त. खत असं झालं की फदमा शेजारीण मागायला यायची. मग पहिल्या कडाक्याच्या थंडीत दव गोठलं. सकाळी पेटी उघडली तर सगळी लिबलिबीत दोऱ्यांसारखी पडलेली. वास आठवडाभर गेला नाही.

म्हणून आता फक्त लाल, बारीक जातीची. दिसायला दरिद्री, पण गारठ्यात तग धरतात. खाणं कमी करतात, मध्यभागी गोळा होतात आणि गप्प बसतात. त्यांना तेव्हा जास्त घालायचं नाही, नाहीतर सगळं आंबतं. मी पेट्या मेंढवाड्यात हलवते, वरून पेंढ्याचा जाड थर देते आणि बाजूला ताज्या लेंड्यांचा ढीग लावते. ढीग तापतो, त्याची ऊब पेटीला लागते. ढीग पेटीत घालू नकोस हं, भाजून मरतील.

तुमच्याकडे थंडीचं भय नाही. तुम्हाला ती मोठी गांडुळंही चालतील. पण शर्गीचा गरम वारा सुटला की दोन्ही जातींचं कठीण. गोणपाट ओलं ठेवा, पेटी सावलीत ठेवा. गांडुळं झाकणाला चिकटून बाहेर पडायला बघू लागली की समजायचं, आत गरम झालंय. हात घालून बघ. तुझ्या हाताला सोसत नसेल तर त्यांना कसं सोसेल?

आता बाबांचं.

मी लिहिलं असतं की ते बरे आहेत. मागच्या निरोपात तेच सांगितलं होतं. पण ते बरे नाहीत, इत्तो. दोन हिवाळ्यांपासून त्यांचं डोकं ठिकाणावर नाही. घर ओळखतात, मेंढ्या ओळखतात, मला ओळखत नाहीत. दिवसभर पेट्यांजवळ बसतात, झाकण उघडून बघतात, आणि तेवढा वेळ शांत असतात.

जानेवारीत मोठा बर्फ पडला त्या सकाळी अंथरूण रिकामं होतं. मी अनवाणी धावले. मेंढवाड्यात सापडले. अंगातला लोकरी झगा काढून त्यांनी पेटीवर नीट पांघरला होता, आणि स्वतः नुसत्या सदऱ्यावर मेंढ्यांच्या मध्ये बसले होते. ओठ निळे.

मला बघून म्हणाले, "इत्तो, आलीस? कडा खोच गं, गारठून मरतील बिचारी."

"बाबा, मी तुडा."

"तुडा कामात असेल. ती कधी बसते का! तिला सांगू नकोस हं मी बाहेर आलो होतो. फार ओरडते."

मी त्यांना पाठीवर घेऊन घरात आणलं. ताप छातीत उतरला. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, या थंडीतून निभावलं, पुढच्या थंडीचं सांगता येत नाही.

ज्या माणसानं या घरात तुझं नाव काढायचं नाही असं बजावलं, तो आता दिवसभर तुझंच नाव घेतो. हरीऱ्याचं सूप मी करते, मी भरवते, तोंड मी पुसते आणि ते म्हणतात, "इत्तोच्या हाताला चव आहे." फोनवर तुझा आवाज कानावर पडला तर दोन इत्तो कुठून आल्या म्हणून घाबरतील, म्हणून फोन नको.

तापात एकदा माझं मनगट धरलं आणि विचारलं, "अजून रागावलीस का माझ्यावर? तो दक्षिणेकडचा पोरगा, तुझा बिही, वाईट नव्हता. मीच आडमुठा. तू परत आलीस का गं?"

मी म्हटलं, "आले, बाबा. राग नाही."

तुला न विचारता बोलले. त्यांना तिथेच झोप लागली आणि मी चुलीपाशी बसून रडले. तुझ्यासाठी नाही. मला बघून माझं नाव त्यांच्या तोंडी पुन्हा येणार नाही म्हणून.

मला तुझा राग येत नाही म्हटलं तर खोटं होईल. येतो, आणि मग दमून निघून जातो.

मार्चमध्ये घाट पुरता मोकळा होईल. बिहीला घेऊन ये, मुलींनाही आण. बाबांनी पुन्हा तेच विचारलं तर उत्तर तूच दे, तुला पटेल ते. राग असेल तर तोही तुझ्याच तोंडून सांग. मी एकटीनं दोन मुली होणं आता जमत नाही. परत जाताना बादलीभर लाल गांडुळं देईन.

आलीस की मी दार लावून झोपणार आहे, म्हणजे त्यांच्यापुढे इत्तो एकच राहील. उठवू नकोस. जेवायलासुद्धा.

तुझी थोरली बहीण,
तुडा