विमानं नसलेली डिव्हिजन

मॉरिसव्हिल, रविवार

प्रिय इला,

मराठीत लिहितेय. वाचायला तुला वेळ लागेल, लागू दे. फोनवर बाबाचं नाव काढलं की तू विषय बदलतेस, पत्राला तसं करता येत नाही.

तुझ्या बाबाने जेवणाचं टेबल बळकावलंय. लोक रिटायर झाल्यावर टोमॅटो लावतात, हा अमेरिकन सैन्याच्या एका जुन्या डिव्हिजनचा इतिहास लिहितोय. दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्याच भागात उभी केलेली, आर्मी रिझर्व्हची, पॅराशूटवाल्यांची. सगळीकडे नकाशे, फोटो, लायब्ररीतली जाडजूड पुस्तकं. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. परवा प्रीताकाकू आल्या, तर वरणभात वाढायच्या आधीच याने त्यांना बटालियन म्हणजे काय ते समजावलं.

बरं, इतिहास पराक्रमाचा म्हणावा तर तेही नाही. ही डिव्हिजन कुठे लढलीच नाही. नावात एअरबोर्न, पण विमानं नाहीत, पॅराशूट नाहीत, माणसंही अर्धीमुर्धी. दुकानदार, शिक्षक, कारकून संध्याकाळी शाळेच्या जिममध्ये जमायचे आणि टेबलावरून उड्या मारून, पॅराशूटने उतरल्यासारखं लोळायचा सराव करायचे. काही वर्षांनी नावातलं एअरबोर्नही गेलं. मी म्हटलं, मग दोन पानांत आटप ना. तर म्हणे, तुला नाही कळायचं. तू सैन्यात भरती झालीस तेव्हापासून तुझ्याशी न बोललेला माणूस दुसऱ्यांच्या मुलांच्या उड्यांचा अभ्यास करतोय, आणि न कळणारी मी.

गेल्या आठवड्यात तो मला रालेमधल्या एका वृद्धाश्रमात घेऊन गेला. त्या डिव्हिजनमधले एक आजोबा तिथे आहेत, मिस्टर हॅस्केल, नव्वदी ओलांडलेले. बाबाने इतके तपशील विचारले की ते कंटाळले. मग म्हणाले, "भरती झालो म्हणून माझे वडील चिडले होते. गावात आमची परेड झाली, सगळ्यांच्या घरचे आले, ते नाही आले. मी चालताना गर्दीत त्यांनाच शोधत होतो." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुला मुलं आहेत?" बाबा म्हणाला, "एक मुलगी. पॅराट्रूपर होतेय." त्याच्या तोंडून मी हे पहिल्यांदा ऐकलं. मग त्याने वही मिटून खिशात घातली.

परतताना गाडीत म्हणाला, जॉर्जियाला तिच्या ट्रेनिंगच्या जागी जायला किती तास लागतात गं. तुमच्या ट्रेनिंगमधल्या शेवटच्या उडीला घरच्यांना मैदानाजवळ उभं राहू देतात, असं तू म्हणाली होतीस. मी ते त्याला सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो म्हणेल, तिने कुठे बोलावलंय. तू म्हणशील, त्याने कुठे विचारलंय. तुमच्यामध्ये निरोप पोचवून मला वैताग आलाय, म्हणून हे शेवटचं पोचवतेय. त्याला फोन कर. माफी नको, वाद नको. "बाबा, ये" एवढंच म्हण. गाडी मी चालवीन, त्या दिवशी त्याला जमायचं नाही.

तुमच्या दोघांच्या कात्रीत सापडलेली, तरी तुझीच,
आई