बेचाळीस चौकोन

डोंबिवली पूर्व
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. क्षिप्रास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सवयीनं 'सौ.' लिहायला हात गेला होता, तो आवरला. 'चि.' मात्र कोणी काढून घेऊ शकत नाही, ते राहू दे.

तीन वर्षांनी माझं पत्र बघून दचकू नकोस. घरात कोणी आजारी नाही आणि अद्वयची वकिली करायलाही बसलेली नाही. तुमचं लग्न तुम्ही दोघांनी मिळून संपवलंत, माझा मुलगा असला तरी मी त्यात पडत नाही. फोन केला असता, पण फोनवर मी किती बोलते हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार! कल्पिता, आपल्या मजल्यावरची, ठाण्याला कोर्टात आहे ना, ती हे पत्र तुझ्या ऑफिसात आणून देईल.

आता बातमी. बसली आहेस ना? मी गोधड्या शिवते.

हस, पोटभर हस. एकतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवलेली बाई, साधं बटण तुटलं तरी शिंप्याकडे धाडणारी, ती आता त्रिकोण कापून चौकोन जोडते. सोसायटीतल्या आठ जणी दर बुधवारी आपल्या हॉलमध्ये जमतात. चहा मीच करते आणि शिस्तही मीच लावते. परवा एकजण चहाचा कप घेऊन कापडाजवळ आली, तिला मी बाल्कनीत उभी केली. कल्पिता म्हणते, "काकू, तुमच्याकडे यायचं म्हणजे गृहपाठ पुरा करूनच यावं लागतं." लागतंच मुळी!

पण माझं खरं नाव झालंय ते पाटांमुळे. इस्त्रीचे पाट. मशीनशेजारी ठेवून शिवता शिवताच तुकडा दाबता यावा, दर वेळी उठून मोठ्या टेबलापर्यंत जायला लागू नये म्हणून. पहिला केला तो वाया गेला. वर स्पंज घातला होता. शिवण आत रुतायची, आणि इस्त्री तापली की असा वास सुटायचा की शेजारी विचारायला आले. मग अक्कल आली. कोणाच्या तरी किचन ट्रॉलीतून उरलेलं प्लायवूड सुताराकडून मागून आणलं, दीड फूट बाय दीड फूट. त्यावर जुन्या ब्लँकेटचे दोन थर. त्याच्यावर मांजरपाट, तीनदा धुऊन कांजी काढलेलं, मागे ताणून बारीक खिळे मारलेलं. कोपरे कसे दुमडते माहितीय? वहीला कव्हर घालताना मुलांना शिकवायचे तसे. वरती पेन्सिलीनं एक-एक इंचाच्या चौकटी आखते, पट्टी आणि गुण्या लावून. पेननं नाही, पेनाची शाई गरम झाली की पांढऱ्या कापडावर उतरते. आजवर सत्तावीस पाट केले. एकाचाही काटकोन चुकलेला दाखव म्हणावं कोणालाही.

बोंबील घेऊन येतात त्या आवडाबाई आठवतात ना? त्यांची हयात गोधड्या शिवण्यात गेली. त्यांनी पाट पाहिला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अगो बाय, गोधरीला कसली इस्त्री? अंगावर घेतली का होते सरळ!" मी म्हटलं, बसा, दाखवते. दोन चौकोन जोडून दाखवले, एक दाबून, एक तसाच. बराच वेळ बोटांनी चाचपत बसल्या. पुढच्या आठवड्यात पापलेट कापून देताना हळूच म्हणाल्या, "तसला पाट माझ्या सुनंलाबी दे येक." त्या दिवशी मी इतकी फुशारले की जेवताना दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

इस्त्री कुठली वापरते, हे अजून लिहिलंच नाही. तुझीच. ती तळहाताएवढी, तू जाताना राहिली ती. तू आणलीस तेव्हा मी म्हटलं होतं, "ही काय बाहुल्यांच्या लग्नाची?" तू हसली होतीस. मी चेष्टेत बोलले नव्हते, हे तेव्हाही तुला कळलं असणार.

असो. पुढच्या शनिवार-रविवारी, १८ आणि १९ला, ठाण्यात गोधड्यांचं प्रदर्शन आहे. माझी गोधडी निवडली गेली आहे. एकशे दहा गोधड्यांतून तीस निवडल्या, त्यात माझी! निवडीचा फोन आला तेव्हा मी जिन्यात होते. तिथेच पायरीवर बसले आणि खालीवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. दूधवाल्यालाही.

इथवर सगळं मानानं लिहिलं. आता पुढचं लिहायला बसून अर्धा तास झाला. मध्ये उठून कुकरही लावून आले.

तुझ्या आईच्या साठीला तू गोधडी करत होतीस. निळ्या-पिवळ्या त्रिकोणांचे नऊ-नऊ इंचांचे बेचाळीस चौकोन. त्या शुक्रवारी ते पलंगावर रचून तू ऑफिसला गेलीस. मला ते चुरगळलेले दिसले. माझी मोठी इस्त्री काढली, पाणी शिंपडलं आणि नऊवारी सरळ करावी तशी सगळ्यांवरून दाबून, ओढून फिरवली. बेचाळीसच्या बेचाळीस. उरेब, म्हणजे तिरकं कापलेलं कापड असं ओढलं की लांबतं, हे मला ठाऊक नव्हतं. शपथेवर सांगते, नव्हतं. पण मदत म्हणून केलं असं जे मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले, ते काही खरं नाही. खरी इस्त्री कशी असते ते तुला दाखवायचं होतं.

रविवारी तू जोडायला घेतलेस. एकही कोपरा जुळेना. कुठे सव्वानऊ, कुठे साडेनऊ. तू पट्टी घेऊन पुन्हा पुन्हा मोजत होतीस, मग रडवेली होऊन म्हणालीस, "आई, माझंच माप चुकलं." मी तिथेच शेंगा सोलत होते. मी म्हटलं, "होतं गं असं, सवयीनं जमेल."

हे वाक्य मी बोलले, क्षिप्रा.

पंधरा दिवस तू उसवत राहिलीस. शेवटी तुझ्या आईला दुकानातली शाल गेली. त्यानंतर या घरात तू सुई हातात धरली नाहीस, आणि वर्षभरानं घरही सोडलंस. ते ह्यामुळे सोडलंस असं मी म्हणत नाही. पण तुझ्या हातातली कला माझ्या घरात गेली, आणि ती तुझ्या चुकीनं गेली असं मी तुला मानू दिलं.

दीड वर्षापूर्वी माळा साफ करताना पिशवी सापडली. तुझे बेचाळीस चौकोन. त्या दिवशी ठरवलं की हे सरळ करायचे, त्याशिवाय मला चैन पडणार नाही. त्यासाठी शिवण शिकले, त्यासाठीच पाट केले. बायका नंतर जमल्या. रोज दोन चौकोन. पातळ कांजी लावायची, पाटावरच्या चौकटींवर चारी कडा टाचण्यांनी बसवायच्या आणि तुझी ती एवढीशी इस्त्री. तू सांगायचीस ना, "आई, फिरवू नका, ठेवा आणि उचला." ठेवायची, उचलायची. काही चौकोन पाच-पाच वेळा केले. छत्तीस नऊ इंचांवर आले. नऊ म्हणजे नऊ, पट्टी लावून घे! सहा काही केल्या येईनात, ते मी नवे शिवले.

तीच गोधडी ठाण्याला लागतेय. आणि अर्जावर मी काय लिहिलं होतं? 'सुमेधा कर्णिक. स्वतः शिकून केलेली.' लिहिताना जराही अडखळले नाही, इतकी चढून गेले होते.

गेल्या रविवारी पुरी झालेली गोधडी बघायला आठही जणी जमल्या होत्या, तेव्हा आवडाबाईंनी ती पाहिली. उलटून पालटून पाहिली, आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ह्याला दोन हात लागलेत. जोड येकीचा, चौकोन दुसरीचे. ती दुसरी कोन गो?" शाळेत एवढ्या मुलांची कॉपी पकडली, पण पकडलं गेल्यावर काय होतं ते मला या वयात कळलं. मी सगळ्यांना खरं सांगितलं. सगळ्यांना म्हणजे आठ जणींना, आवडाबाईंना आणि संध्याकाळी अद्वयला. तो ताट तसंच ठेवून उठला.

सोमवारी प्रदर्शनवाल्यांना फोन करून कार्डावरचा मजकूर बदलायला सांगितला: 'छत्तीस चौकोन क्षिप्राचे. सहा चौकोन आणि जोडणी सुमेधा कर्णिक.' तुझी परवानगी मागत नाहीये. खरं लिहायला परवानगी कसली? फक्त आडनाव कुठलं लावतेस ते कल्पिताला सांग, बुधवारपर्यंत छापायचंय. नुसतं क्षिप्रा हवं असेल तर तसंही चालेल.

रविवारी संध्याकाळी गोधडी उतरवतील. ती तुझी आहे. घेऊन जा, आईला दे, नाहीतर माझ्या नावानं फाडून टाक. मी शब्द काढणार नाही. पण आधी भिंतीवर टांगलेली एकदा बघून घे. इतकी देखणी झालीय की माझा मलाच हेवा वाटतो, आणि तुझा त्याहून जास्त.

दोन्ही दिवस मी अकरा ते एक तिथे असेन. मला भेटायचं नसेल तर एकनंतर ये, मी खरंच थांबणार नाही. भेटायचं असेल तर भांडायच्या तयारीनं ये. या वेळी मी मध्ये बोलणार नाही.

तुझं काम बिघडवणारी,
आणि छत्तीस वेळा सरळ करणारी,
सुमेधा