काळी चार

४ मार्च, मंगळवार
सकाळी कप विसळताना आठवलं. लंडनमध्ये ईलिंगमधलं हॉस्पिटलचं क्वार्टर, लग्नानंतरचा पहिला हिवाळा. हे नाइट ड्यूटीवरून येऊन दाढी करत होते. मी भांडी घासत भुलाबाईचं गाणं म्हणत होते, आणि भिंतीपलीकडच्या नर्सच्या रेडिओवर ब्रास बँड. मधेच दोघांचा ठेका जुळला. मी दचकून थांबले तर आतून हे म्हणाले, "का थांबलीस?" एवढंच.

आज कन्सल्टंटकडे गेलो. थायरॉइडची गाठ काढायचीच, २० तारखेला. आवाजाची नस अगदी लागून आहे. बोलता येईल बहुतेक. गाता येईल का, सांगता येत नाही. ह्यांनी जन्मभर भूल देण्याचं काम केलं, पण आज एकही प्रश्न विचारला नाही.

८ मार्च, शनि.
अनिका कॉव्हेंट्रीहून आली. थोरल्याची मुलगी, युनिव्हर्सिटीत म्युझिक टेक्नॉलॉजी शिकते. भलतीभलती गाणी एकमेकांत मिसळते, त्याला मॅशअप म्हणतात. गाठीचं फोनवर कळल्यापासून तिच्या डोक्यात एकच, माझा आवाज आधी रेकॉर्ड करून ठेवायचा. मला वॉर्डरोबसमोर बसवून डोक्यावर ड्युव्हेचं जाड पांघरूण घातलं, बाहेरचा आवाज नको म्हणून.

नागपूरची भुलाबाईची गाणी म्हटली, लहानपणी आईबरोबर अंगणात म्हणायचो ती. मग कॉन्व्हेंट शाळेच्या चॅपलमधलं लॅटिन स्तोत्र. अर्थ तेव्हाही कळत नव्हता, पण श्वास कुठे घ्यायचा ते सिस्टरनी असं घोटून घेतलेलं की आजही नेमका तिथेच घेतला. वरच्या ओळीला आवाज फाटला. पुन्हा म्हणते म्हटलं तर अनिका म्हणाली, "नको आजी, तो आवाज छान आहे. राहू दे."

९ मार्च, रवि.
ऐकवलं तिने. भुलाबाई, तिच्यामागे लॅटिन, आणि खाली क्लबात वाजतात तसले धडधडणारे ड्रम.
पेपरमागून हे: "खिचडी."
मी म्हटलं, ताप आला की तुम्हीच मागता.
आई कधी आमच्या चॅपलमध्ये आली नाही. सिस्टर कधी आमच्या अंगणात आल्या नाहीत. या पोरीने दोघींना शेजारी शेजारी बसवलं. ड्रम जरा मोठे आहेत, असू देत. किती उपकार मानू.

१५ मार्च, शनि.
अनिका परत. ड्रमशी जुळावा म्हणून माझा आवाज थोडा वर चढवून आणला होता. मला तर आवडला, तरुण वाटले. पण हे स्वयंपाकघरातून चहाचं गाळणं हातात घेऊनच दारात आले.
"ही तुझी आजी नाही."
अनिका म्हणाली, दोनच सेमिटोन चढवलाय, आजोबा.
"तिची पट्टी काळी चार. पेटीवरची चौथी काळी. पन्नास वर्षं ऐकतोय मी. ती हलवायची नाही. तुझे ड्रम हलव."
गाळणं कार्पेटवर ठिबकत होतं. अनिकाने ड्रमची पट्टी बदलली. सगळं जागच्या जागी बसलं.
हे शास्त्रीय ऐकणारे. मला वाटायचं, माझं गुणगुणणं त्यांना नळाच्या पाण्यासारखं, चालू असलं काय आणि बंद असलं काय.

२० मार्च, गुरु., सकाळ
उपाशी आहे. टॅक्सी नऊला. हे बॅग तिसऱ्यांदा तपासताहेत. भीती वाटते, पण हिशेबाने पाहिलं तर मला पुष्कळ मिळालं.

अनिका, हे पान तुझ्यासाठी उघडं ठेवून जातेय.
मॅशअप तुझा. पार्टीत वाजव, आणखी कशात मिसळायचा तर मिसळ. मला विचारू नकोस.
ड्रमशिवायची भुलाबाई नागपूरला शैलाआजीला पाठव. माझी धाकटी बहीण आहे, शब्द चुकले म्हणेल. चुकलेच असतील.
स्तोत्र शेजारच्या मॉरीनला. नाताळात चर्चमध्ये तिच्या शेजारी उभी राहून गायले, तिने कधी परकं वाटू दिलं नाही.
पेटी तुझ्या बाबाला नको, तो तिच्यावर कुंड्या ठेवेल. तू घेऊन जा.
आजोबांना लगेच काही देऊ नकोस. ते हाच आवाज ऐकत बसतील. मी जो काही आवाज घेऊन घरी येईन, आधी त्याची त्यांना सवय होऊ दे. मलाही.
मग त्यांनी आपणहून मागितलं, तरच दे.