आत्याचा डावा कान

३ फेब्रुवारी

चि. घुम्यास,
अ. उ. आ. वि. वि.

समोर बसलास की तुझ्या तोंडातून शब्द फुटत नाही, म्हणून तर घुम्या नाव पडलं. पण पत्रात बरा बोलतोस, म्हणून लिहिते आहे. फोन का नाही केलास, असं विचारू नकोस. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे कॉल जोडण्यात गेली. मधे कोण ऐकत असतं ते मला पक्कं माहीत आहे, कारण मीच ऐकत असायचे.

तर काम असं की मला हेडफोन घ्यायचे आहेत. हसून झालं असेल तर पुढे वाच. चांगले हवेत, वरच्या दर्जाचे, एकदा घेतले की जन्माची कटकट मिटली असे. शिलाई मशीन विकलं त्याचे पैसे त्यासाठी बाजूला ठेवलेत. त्याच्यावर एक पैही मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

गेमचा नाद सुट्टीत तूच लावलास आणि निघून गेलास. आता आमची चौघांची टीम आहे. मला तिथे सगळे ट्रंककॉल म्हणतात. कॅप्टन कुठला तरी बेकरीवाला आहे, पहाटे पाव भाजतो आणि संध्याकाळी माणसं मारतो. मुलगा गुणी आहे. पण डावीकडून शत्रू आला की मला त्याची पावलंच ऐकू येत नाहीत, आणि मी मरते. रोज मरते. परवा कॅप्टन फार अदबीने म्हणाला की मार्चअखेरीला मोठा सामना आहे, तोवर काही फरक पडला नाही तर माझ्या जागी तो आपल्या मेव्हण्याला घेईल. अरे, अख्ख्या नोकरीत मला कुणी खुर्चीवरून उठवलं नाही, आणि आता हा मेव्हणा उठवणार?

शिवाय तू दाखवलेल्या त्या जपानी कार्टूनची, अ‍ॅनिमेची, गाणी. शब्द एक कळत नाही. पण एक्स्चेंजमध्येही परक्या भाषेतले कॉल यायचेच की. पहिल्या हॅलोवरून मी ओळखायचे, बातमी बरी आहे का वाईट. ही गाणी मला तशीच कळतात. ती नीट ऐकायची आहेत.

ताईचं म्हणशील तर खुब्याचं हाड जुळलं. डॉक्टर म्हणतात चाला, पण ती पलंग सोडायला तयार नाही. पडल्यापासून बोलणंही कामापुरतंच. हाक मारायला तिला कमीपणा वाटतो, काठीने पलंगाच्या लोखंडी कडेवर ठोकते. शाळेत टेबलावर डस्टर आपटायची, तीच सवय. ठोकलं की मी जाते.

कळावे. उत्तराला उशीर केलास तर लोभ कमी होईल.

तुझी धाकटी आत्या


९ फेब्रुवारी

ती. धाकट्या आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि मोठ्याने हसलो. माझ्या तोंडून असा आवाज कधी निघत नाही, त्यामुळे गोदामात सगळे वळून बघायला लागले. मग त्यांनाही थोडं वाचून दाखवलं. ट्रंककॉल इथे आता फार लोकप्रिय आहे.

तुझं नशीब असं की माझं कामच परत आलेल्या मालाचं. लोक हौसेने घेतात, खोका उघडतात, घरी बोलणी खातात आणि माल परत पाठवतात. आम्ही तो तपासून पुसून ठेवतो, आणि त्यातलं काही आम्हा कामगारांना पडत्या भावात मिळतं. तेव्हा शिलाई मशीनच्या पैशात तुला दुकानात परवडले नसते असे मिळू शकतील.

आज एक जोड पाठवतोय. खास गेमसाठीचा, गाद्या जाडजूड. कान असे बंद होतात की शेजारी भांड्यांची मांडणी कोसळली तरी पत्ता लागणार नाही. तू फक्त शत्रूकडे लक्ष दे. मोठ्या आत्याला नमस्कार सांग आणि तिच्यामागे चालायचा लकडा लाव.

लोभ कमी करू नये, वाढवायला माझी हरकत नाही.

तुझा
घुम्या


१४ फेब्रुवारी

चि. घुम्यास,
अ. उ. आ.

पोचले. हे काय पाठवलंस? वाट्यांवर लाल-निळे दिवे लागतात. आरशात पाहिलं तर डोक्यावर अग्निशमन गाडी घेऊन बसल्यासारखी दिसत होते. ताईने पलंगावरूनच दारातून पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

दिव्यांचं सोड. बंदुकीचा धडाका छातीत बसतो, पण गाणी पार बिघडली. ढोल पुढे आणि गाणारी पोरगी मागे पाण्याच्या टाकीत. आणि मुख्य म्हणजे डावीकडचं अजूनही ऐकू येत नाही. उजवीकडे मुंगी चालली तरी कळते, डावीकडून हत्ती आला तरी नाही. काल संध्याकाळी डाव्या जिन्यावरून येऊन एकाने मला अशी टिपली की कॅप्टनने नुसता सुस्कारा टाकला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सुस्कारा वाईट.

परत पाठवते आहे. दुसरे बघ, आणि बिनदिव्यांचे.

ताई तुझ्या लकड्याला भीक घालत नाही. बाकी ठीक.

तुझी आत्या


१८ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा जोड परत आला तो नियमाप्रमाणे माझ्याच टेबलावर. तपासला. डावी बाजू ठणठणीत आहे. आमच्या आवाज-तपासणीच्या बाईंनीही ऐकला, त्या असल्या बाबतीत कुणाची भीड ठेवत नाहीत. गंमत म्हणजे उजव्या कानाची गादी वापरून छान दबली आहे आणि डावी अगदी कोरी, आत्ताच खोक्यातून काढल्यासारखी. असं का, ते मला कळलं नाही, पण रजिस्टरात लिहून टाकलं.

आता दुसरा जोड पाठवतोय. हा गाण्यासाठीचा, गंभीर प्रकृतीचा, दिवे नाहीत. हाही कान पूर्ण बंद करणारा आहे. आल्यावर एक कर. मी सुट्टीत तुझ्या कंप्युटरवर पावलांचा आवाज घालून दिलाय ना, ज्यात माणूस एका कानाकडून दुसऱ्याकडे चालत जातो, तो लाव. मग हेडफोन उलटे घाल, डावी वाटी उजवीकडे, आणि पुन्हा ऐक. तरीही डावीकडचं कमी आलं, तर राग मानू नकोस, दोष हेडफोनचा नाही. कान दाखवून घ्यावा लागेल. मला जरा काळजी वाटते, म्हणून स्पष्ट लिहितोय.

गोदामातल्या सगळ्यांचे ट्रंककॉलला नमस्कार. लोभाचं तुला सांगायला नको.

तुझा
घुम्या


२३ फेब्रुवारी

चि. घुम्यास,
अ. उ. आ.

उलटे घालून ऐकले. डावीकडचं कमीच. मग मीही घाबरले, तुला खोटं कशाला सांगू. हा कान म्हणजे माझी भाकरी होती. बाकीचं काहीही गेलं तरी चाललं असतं.

आज कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. त्याने काचेच्या खोलीत बसवून पिपाण्या वाजवल्या. म्हणाला, दोन्ही कान सारखे आहेत आणि या वयात असे कान त्याने क्वचित पाहिलेत. वर मलाच विचारलं, मी कुठे नोकरीला होते. आनंद व्हायला हवा होता. झालाही, अर्धा रस्ता. मग वाटलं, कान चांगले आहेत, हेडफोन चांगले आहेत, म्हणजे बिघाड माझ्यातच आहे. वय झालं, लक्ष राहत नाही, दुसरं काय.

तेव्हा आता हा उद्योग पुरे. तुझं पार्सल उद्या टपाल कचेरीत देऊन येते. पैसे आहेत ते ताईच्या व्यायामवाल्याला देऊ, तिला पटलं तर. कॅप्टनला कळवेन की मेव्हण्याला घे. अजून कळवलं नाही, दोन दिवस जाऊ देत. त्या टीममध्ये मला कुणी आजी म्हणत नाही, की तब्येत विचारत नाही. मागे बघ, असं ओरडतात. ते ओरडणं आता ऐकायला मिळणार नाही, याचं फार वाईट वाटतंय. हसू नकोस.

तुझी आत्या


२४ फेब्रुवारी

चि. घुम्या यास,
आशीर्वाद.

तुझी पत्रं धाकटी टेबलावर टाकून जाते, म्हणून वाचली. अक्षर अजून तिरकं आहे. ओळीखाली रेघ धरून लिहीत जा.

ती तुझं पार्सल घेऊन टपाल कचेरीत गेली आहे. तेवढ्यात लिहिते. तिच्या कानात, हेडफोनात आणि वयात काहीही बिघाड नाही. ती डावी वाटी कानावर ठेवतच नाही. घालते आणि लगेच हाताने मागे सारते, कानाच्या पाठीमागे. एक्स्चेंजमध्ये यांना एकाच कानाला वाटी असे, उजव्या. डावा मोकळा ठेवायचा, सुपरवायझरची हाक ऐकू यायला. निवृत्त झाल्यावर ती सवय गेली होती. मी पडल्यापासून परत आली. तिची सुपरवायझर आता मी आहे. डावा कान माझ्या काठीसाठी उघडा असतो.

हे तिला स्वतःला ठाऊक नाही. सांगितलं तर म्हणेल, भलतंच काय. आणि ठोकायचं बंद केलं तर दर पाच मिनिटांनी येऊन बघेल, ते मला नको आहे.

माझ्यासाठी तिने शिवणाचा क्लास सोडला, बाहेर जाणं सोडलं. त्या पोरांबरोबर खेळताना ती हसते, ते मला इथे पडून ऐकू येतं. ते बंद व्हायला नको. तू परत आलेल्या मालात एवढा बुडालेला असतोस, तर जे घातल्यावर दोन्ही कान झाकूनही काठी ऐकू येईल असं काही बघ. नसेल तर तसं लिही, उगाच गोड बोलू नकोस.

टपालपेटी फाटकाशी आहे. मीच जाऊन टाकते. धाकटीला यातलं काही कळता कामा नये.

तुझी मोठी आत्या


२८ फेब्रुवारी

ती. धाकट्या आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

कॅप्टनला अजून कळवलं नसशील अशी आशा आहे. कळवलं असलंस तर त्याला सांग, भाचा वेडा आहे, महिनाभर थांब म्हणतो. पैसेही कुणाला देऊ नकोस.

चूक माझी होती. मी तुला बंद वाट्यांचे जोड पाठवत राहिलो आणि वर त्याची फुशारकी मारली. हा तिसरा वेगळा आहे. याच्या वाट्यांना मागून झाकण नाही, नुसती जाळी आहे. त्यामुळे आवाज आत कोंडत नाही. गाणं डोक्यात न वाजता समोर ओसरीभर पसरल्यासारखं वाटतं आणि कोण कुठून येतंय ते नेमकं कळतं. आवाज वाढवायला वेगळं यंत्र जोडावं लागत नाही. आणि बाहेरचं सगळं ऐकू येतं. दार, शिट्टी, माणूस, काहीही. उलट आतलं थोडं बाहेरही सांडतं. त्याच कारणाने एका गिऱ्हाइकाने परत केला, त्याच्या कचेरीत सगळे वैतागले म्हणे. म्हणून हा एवढा भारी जोड तुझ्या मशीनच्या पैशात बसला. दुकानात तू त्याच्या खोक्याकडेही बघितलं नसतंस.

एकच अट. दोन्ही वाट्या कानांवर ठेवायच्या. तुझा डावा हात ती मागे सारतो, हे तुझ्या लक्षात येत नाही. मला कसं कळलं, असं विचारशील, तर त्या कोऱ्या गादीवरून ओळखलं.

सामना झाला की लगेच लिही. आमचं अख्खं गोदाम खोळंबलंय. लोभ आहे तसाच असू दे, फक्त दोन्ही कानांनी.

तुझा
घुम्या


२ एप्रिल

चि. घुम्यास,
अ. उ. आ. वि. वि.

सगळं पहिल्यापासून सांगते, मधे घाई करू नकोस.

हेडफोन घातले आणि हात खरंच डाव्या वाटीकडे गेला. मी बघतच राहिले. दुसऱ्या हाताने त्याच्यावर चापट मारली आणि परत कीबोर्डवर ठेवला. मग ते माझं आवडतं गाणं लावलं. घुम्या, त्या गाण्यात डाव्या बाजूला एक व्हायोलिन आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत आहे. गाणारीच्या मागे मागे चालतं, ती थांबली की थांबतं. एवढे महिने ते वाजत होतं आणि मला ठाऊकच नव्हतं. मी रडले. म्हातारपणी असली कारणं मिळतात रडायला, चांगलं आहे.

सामना परवा झाला. डाव्या जिन्यावरून येणारे तिघे मी एकापाठोपाठ एक आडवे केले. तरी हरलो, पण माझ्यामुळे नाही. बेकरीवाला स्वतःच चुकीच्या दाराआड लपला आणि मेला. मग मीही एक सुस्कारा टाकला, मुद्दाम, त्याला ऐकू जाईल असा. माझी जागा कायम आहे. मेव्हण्याला भट्टीकडे बघायला सांगितलंय.

आता खरं सांगायचं ते. मागच्या आठवड्यात गाणं ऐकत होते, दोन्ही कान झाकून, आणि काठीचा आवाज आला. स्पष्ट आला, तू म्हणालास तसा. गाणं बंद केलं आणि धावत गेले. पाणी हवंय का विचारलं, नको. उशी, नको. खिडकी, नको. ताईने काठी पांघरुणाखाली लपवली. मी उभीच राहिले, तेव्हा म्हणाली की चांगलं ठेक्यात चाललं होतं, गाणं अर्धवट सोडून कशाला आलीस. तिला दाराआडून सगळं ऐकू येत होतं, तुझ्या त्या जाळीतून सांडलेलं. ती मला बोलावत नव्हती रे. ताल धरत होती. पडल्यापासून पहिल्यांदा तिने स्वतःहून काही मागितलं, आणि ते काय, तर जपानी गाणं.

आता टेबल तिच्या दाराशी ओढून ठेवलंय. रोज संध्याकाळी आधी माझी लढाई, मग तिची दोन गाणी. पोरगी बेसूर होते तिथे ताई काठी जोरात आपटते, शाळाच भरते म्हण ना.

कोऱ्या गादीवरून ओळखलंस म्हणालास, ते मी मानून घेतलं होतं. पण आत्ता हे पत्र बंद करत होते, तर ताई चपला घालून शेजारी येऊन उभी राहिली आणि पत्र मागायला लागली. मी म्हटलं, फाटकापर्यंत तुला कसं जमेल. तर म्हणते, जमतं, मागच्या वेळीही मीच गेले होते.

तेव्हा हे ती टाकते आहे. मी खिडकीत उभी राहून बघणार आहे, हाक मारणार नाही.

दोघींचाही लोभ आहे, जपून वापर.

तुझी धाकटी आत्या