मर्ल थर्स्टनच्या बंदुका, भाषणं आणि उरलेलं सामान

मी, मर्ल ॲल्डन थर्स्टन, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा बंदुकांची विक्री व दुरुस्ती, राहणार गिल्मन फॉल्स, राज्य मेन, माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंचे काय व्हावे ते या कागदावर लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. माझ्या मुलीचं याबाबत मत वेगळं आहे, पण तिने ते अजून लेखी दिलेलं नाही. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. असतं तर मी नेमकं उलटं लिहिलं असतं, हे गावात सगळे जाणतात. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांपैकी एकात मी माझ्या सगळ्या बंदुका 'अमेरिकेच्या स्वातंत्र्याला' देऊन टाकल्या होत्या. तेव्हा वकील मिस हॅस्केलबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं होतं, "मिस्टर थर्स्टन, स्वातंत्र्याचा पत्ता काय घालू?"

हा मसुदाही बाईंनीच टंकून दिला आहे. मधल्या गप्पा गाळाव्यात, असा त्यांचा सल्ला होता. गाळलेल्या नाहीत.

कलम पहिले, अंत्यविधीबाबत. चर्चमध्ये जे काही म्हणतात ते थोडक्यात म्हणावं आणि मला माझी पत्नी एडिथ हिच्या शेजारी पुरावं. कबरीपाशी फैरी झाडू नयेत. गावच्या बंदूकधारक मंडळाचा तसा बेत असल्याचं कानावर आलं आहे. मंडळातल्या सगळ्यांचा नेम मी पाहिलेला आहे. आलेल्या माणसांनी आपापल्या पायांनी घरी जावं, एवढीच माझी इच्छा आहे.

कलम दुसरे. तळघरातला मोठा फ्रीजर, आतल्या मूसच्या, म्हणजे आमच्याकडच्या थोराड हरणाच्या, मांसासकट, मंडळाचे अध्यक्ष क्लिफ्टन बील यांना द्यावा. त्याच्या दाराला एक भोक आहे. ते माझ्या हातून पडलं. मी नवशिक्यांना बंदूक सुरक्षित कशी हाताळावी ते शिकवत होतो आणि "बंदूक रिकामी आहे असं कधीही गृहीत धरू नका" हे वाक्य संपवत होतो. वाक्य संपायच्या आत धडा संपला. कोणाला लागलं नाही, फक्त मागच्या हंगामाच्या मूसला दुसऱ्यांदा गोळी लागली. क्लिफ्टन तिथे हजर होता. धूर विरायच्या आत म्हणाला, "मर्ल, पुढचा धडा कशावर? कपडे धुण्याच्या यंत्रावर का?" तेव्हापासून चर्चमधल्या प्रत्येक शनिवारच्या घेवड्याच्या जेवणावळीत त्याने ही गोष्ट सांगितली आहे आणि दर वेळी भोक थोडं मोठं झालं आहे. आता फ्रीजरच त्याच्या घरी असू दे. लोकांना खरं माप तरी कळेल.

कलम तिसरे. माझी भाषणं. गावसभेत, मंडळात, शिकारीच्या हंगामाच्या सुरुवातीला आणि कोणी विचारलं नसताना केलेली सगळी भाषणं दुकानाच्या माळ्यावर एका खोक्यात आहेत. चर्चची मंडळी घेवडा शिजवायला जमिनीत खड्डा खणून जाळ करतात, त्यासाठी ती द्यावीत. कागद कोरडे आहेत आणि मजकूर ज्वलनशील आहे.

कलम चौथे. दुकान, त्याखालची जमीन आणि मागची खोली माझी मुलगी जोअॅना हिला. तिने त्यात काय करावं यावर माझी कोणतीही अट नाही. एके काळी तिथे जनावरांचं खाद्य विकत, मग बंदुका आल्या, पुढे केक आले तरी इमारतीला काही वाटणार नाही.

इथे थोडं सांगणं भाग आहे. जोअॅना पोर्टलंडला इस्पितळात, अपघात विभागात परिचारिका आहे. आम्ही बंदुकांवरून एकदा कडाक्याचं भांडलो ते थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणात. टर्की अजून कापायची होती.

ती म्हणाली, "बाबा, तुम्ही काउंटरवरून देता ते माझ्याकडे स्ट्रेचरवर येतं."

मी म्हणालो, "माझ्या दुकानातून गेलेलं एकही हत्यार वाईट माणसाच्या हातात पडलेलं नाही."

"तुम्हाला कसं माहीत? ती माणसं पावती घेऊन येत नाहीत."

मग मी देशाची राज्यघटना काढली. तिने आकडे काढले. एडिथने टर्की परत ओव्हनमध्ये घातली आणि पातेली धुवायला घेतली. त्यानंतर जोअॅना आणि मी फोनवर फक्त हवामानावर बोलायचो. मेनमध्ये हवामान भरपूर असतं, म्हणून बरीच वर्षं निभावलं. एडिथ गेली तेव्हाही आम्ही आधी बर्फाबद्दल बोललो.

कलम पाचवे. अर्मांड पेल्टिए, राहणार मिल स्ट्रीट, यास माझ्या मालमत्तेतून काहीही मिळू नये. काहीही नाही. याचं कारण सविस्तर देतो, नाहीतर लोक आपल्या मनाची कारणं लावतील.

अर्मांड कागदाच्या गिरणीत यंत्रावर होता. आम्ही मिसरूड फुटल्यापासून बरोबर शिकार केली आहे आणि हरणापेक्षा एकमेकांचाच आवाज जास्त ऐकला आहे. आधी त्याची गिरणी बंद पडली. मग त्याची बायको लुसिल गेली. मग डोळे अधू झाले, शिकार सुटली, आणि रायफल त्याने भाच्याला देऊन टाकली. एका सकाळी मी दुकानात कॉफी ठेवत होतो, तेव्हा तो आपल्या म्हाताऱ्या बीगल कुत्रीला घेऊन आत आला. दाढी घोटलेली, रविवारचा शर्ट अंगात.

"मर्ल, एक रिव्हॉल्व्हर दे. साधीशी चालेल."

"तुला रे कशाला आता?"

"रॅकून फार झालेत. कचऱ्याचे डबे उलटे करतात."

अर्मांड त्या रॅकूनांना मागच्या दारी पॅनकेक घालतो, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. त्याने त्यांची नावंसुद्धा ठेवली होती, आणि एकीचं नाव तर माझ्या मेव्हणीचं होतं.

"काडतुसांचा एक डबा काढू?"

"अख्खा डबा नको. सुटी देतोस का?" मग कुत्रीकडे न बघता म्हणाला, "आणि हिला थोडे दिवस तुझ्याकडे ठेव. तुझी सवय आहे तिला."

आता, मी कोण होतो ते लक्षात घ्यावं. गिऱ्हाईक आणि बंदूक यांच्यामध्ये मिनिटभराचाही अडसर नको, असं उभ्या जन्मात ओरडत आलेला माणूस. दारावर तशी पाटीही होती. त्या माणसाच्या तोंडून निघालं, "संगणक बंद आहे."

गिऱ्हाईकाची सरकारी तपासणी त्या संगणकावरून व्हायची. तो अर्मांडच्या नाकासमोर चालू होता. पडद्यावर माझा पत्त्यांचा डाव मांडलेला होता आणि मी हरत होतो.

"मला तर चालू दिसतोय," अर्मांड म्हणाला.

"पत्ते चालू आहेत. तपासणी बंद आहे. उद्या ये. आणि कुत्री घेऊन जा, माझ्याकडे तिच्यापुरतं खाणं नाही."

मनात हिशेब एवढाच की तिला घास घालायला तरी त्याला घरी राहावं लागेल. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा फॉर्म संपले होते. तिसऱ्या दिवशी कपाटाची किल्ली हरवली होती, आणि ती माझ्या पट्ट्याला लटकत होती. दर वेळी मी त्याला बसवून कॉफी पाजली. खोटं बोलायला कल्पनाशक्ती लागते आणि माझी तिथेच आटली. मी त्याला बाकावर बसवून मागच्या खोलीत गेलो आणि पोर्टलंडला फोन लावला.

"बाबा? तिकडे बर्फ पडतोय का?"

"बर्फ खड्ड्यात गेला," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं.

तिचा आवाज एकदम बदलला. माझ्या मुलीचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. इस्पितळातली माणसं रोज ऐकत असणार. "त्याला एकटं सोडू नका. आणि सरळ विचारा, जीव द्यायचं मनात आहे का. याच शब्दांत."

"अगं, आणि नसलं मनात, आणि मी विचारल्यामुळे आलं तर?"

"विचारल्याने येत नाही, बाबा. न विचारल्याने माणूस एकटा पडतो. जा. मी गाडी काढतेय."

मी बाहेर आलो आणि विचारलं. अर्मांडने कॉफीचा कप भिंतीवर फेकला. आधी फ्रेंचमध्ये शिव्या दिल्या, मग मला कळाव्यात म्हणून इंग्रजीत दिल्या. "माझा हक्क आहे तो! घटनेने दिलाय! तूच सांगत आलास ना रे, बोंबलून बोंबलून?"

माझी भाषणं कोणीतरी ऐकत होतं, हे मला तेव्हा कळलं.

मग तो काउंटरच्या काचेवर डोकं टेकून रडायला लागला. काचेखाली पिस्तुलं ओळीने मांडलेली होती. मी नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो, तोही तेलकट. त्याच्या रविवारच्या शर्टावर माझा पंजा उमटला आणि तो डाग अजून गेलेला नाही, हेही त्याने मला पुष्कळदा ऐकवलं आहे.

जोअॅना आली, त्याच्याशेजारी फरशीवर बसली, कुत्रीला मांडीवर घेतलं. दुपारी तो तिच्याबरोबर इस्पितळात गेला. तो हिवाळा त्याने लुइस्टनला बहिणीकडे काढला आणि वसंतात परत आला, अंगाने रोड आणि माझ्यावर भडकलेला.

त्याच वसंतात राज्याच्या विधानसभेत एक विधेयक आलं. बंदूक विकत घेतल्यावर ती हातात पडायला तीन दिवस थांबावं, असं त्यात होतं. दोन आमदार लोकांचं म्हणणं ऐकायला आमच्या शेतकरी सभागृहात आले. मंडळाचा वक्ता म्हणून मी झेंड्याच्या रंगांचा टाय लावून उभा राहिलो आणि म्हणालो, "थांबायला लावलेला हक्क म्हणजे नाकारलेला हक्क!" टाळ्या पडल्या. मी पाणी प्यायलो.

मागून अर्मांड उठला. "मला एक तक्रार नोंदवायची आहे. या माणसाने मला तीन दिवस थांबवलं. कुठल्या कायद्याने, ते विचारा त्याला."

आणि त्याने सगळं सांगितलं. संगणक, फॉर्म, किल्ली. पत्त्यांचा डावसुद्धा. सभागृहात हशा पिकला, पण तो फार टिकला नाही.

क्लिफ्टन बील उसळून उठला. "हेच तर आम्ही म्हणतो! मर्लसारखा दुकानदार असताना कायदा हवाच कशाला?"

दाराशी जोअॅना उभी होती. "आणि त्या दिवशी मर्ल सुट्टीवर असता तर?"

मग दोन्ही बाजू अर्मांडला आपल्याकडे ओढायला लागल्या. कोणी म्हणालं, हा आमचा पुरावा. कोणी म्हणालं, आमचा. अर्मांड ओरडला, "मला फलकावर चिकटवू नका! मी वस्तू मागितली होती, मिळाली नाही, ही माझी तक्रार. आणि आता ती नकोय मला, हेही लिहून घ्या. दोन्ही लिहा."

आमदारांनी माझ्याकडे पाहिलं. "मिस्टर थर्स्टन, आपलं उत्तर?"

मी टायची गाठ सरळ केली आणि खाली बसलो. माझा टाय मात्र फार सुंदर दिसत होता, असं एडिथच्या बहिणीने नंतर सांगितलं.

ते विधेयक त्या वर्षी समितीतच विरलं. मी त्याच्या बाजूने कधी बोललो नाही. सरकारने माझ्या काउंटरमागे येऊन उभं राहावं, हे मला आजही रुचत नाही. पण दारावरची पाटी मी काढली, आणि ज्याला मी ओळखत नाही त्याने आधी माझ्यासमोर बसून कॉफी प्यायची, असा दुकानाचा नियम केला. माझी कॉफी अशी असते की गिऱ्हाईकं निम्मी झाली. मंडळाने मला वक्तेपदावरून काढलं. जोअॅना आता दर रविवारी फोन करते आणि आम्ही हवामान सोडून सगळ्यावर भांडतो.

कलम सहावे, बंदुकांबाबत. आजोबांची हरणाची रायफल जोअॅनाने ठेवावी. हे मी सुचवलेलं नाही. तीच म्हणाली, "ती राहू दे, बाबा. पणजोबांनी तिच्यावर घर जेवू घातलं." बाकीच्या बंदुका विकाव्यात की वितळवाव्यात, ते तिने ठरवावं. मी जमिनीखाली असेन आणि माझ्या हरकती तिथून ऐकू येणार नाहीत. मृत्युपत्राची अंमलबजावणीही तीच करील.

अर्मांडला काही का नाही, ते आता सांगतो. मिस हॅस्केलबाई म्हणाल्या की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. मी अर्मांडला दोन्हींतलं एक निवडायला सांगितलं, माझी होडी किंवा सही. तो म्हणाला, "होडी गळते. पेन दे."

बाईंना काळजी वाटली. त्या म्हणाल्या, "साक्षीदार शक्यतो तरुण असावा, मिस्टर पेल्टिए. पुढे वेळ आली तर कोर्टात उभं राहायला तो हयात हवा. आपलं वय..."

अर्मांडने त्यांचं बोलणं संपू दिलं नाही. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "याला आधी मरू दे, बाई. मागचं मी बघतो. मला कुठे जायची घाई नाही."

हे त्याने दुसऱ्या साक्षीदाराच्या आणि एका वकिलाच्या देखत म्हटलं आहे. म्हणून लिहून ठेवलं.

वरील मजकूर मी वाचला, माझाच आहे, आणि त्याखाली खुशीने सही करत आहे.

मर्ल ॲल्डन थर्स्टन

मर्ल यांनी आमच्या डोळ्यांसमोर सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर आणि एकमेकांसमोर केली.

साक्षीदार: अर्मांड जोसेफ पेल्टिए, मिल स्ट्रीट, गिल्मन फॉल्स
साक्षीदार: विनिफ्रेड टोबी, टपाल कारकून, गिल्मन फॉल्स

ठिकाण: मिस प्रुडन्स हॅस्केल यांची कचेरी, गिल्मन फॉल्स, मेन
दिनांक: २२ ऑक्टोबर २०१९